माकडं वाचवायची तर आधी फुटक्या कौलांचा हिशेब मांडा

राजापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गावातली आठ-दहा मुलं मिळून माकडं आणि वानरं यांच्यासाठी काही करू पाहतायत. रस्त्यावर पिल्लं चिरडली जातात, विजेच्या तारांना चिकटून वानरं मरतात, ते बघवत नाही. पण ग्रामसभेत विषय काढल्याबरोबर लोक अंगावर आले आणि ठराव झाला तो 'वनखात्याने माकडं पकडून न्यावीत' असा. आता लोकांना समजवायचं कसं?

मी गेली बावीस वर्षं हेच काम करतोय. बहुतेक सिंधुदुर्गात, मधली काही वर्षं सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात. माझं पहिलं सांगणं, प्रश्नातला 'समजवायचं' हा शब्द खोडून टाका. ज्याची काकडी गेली त्याला टोळी किती वाजता येते, कुठल्या फांदीवरून उतरते, त्यातली लंगडी माकडीण कोणती, हे सगळं ठाऊक असतं. फक्त ते त्याला कधी कुणी विचारलेलं नसतं.

मीही विचारलं नव्हतं. सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावात पहिली सभा घेतली तेव्हा रंगीत फलक घेऊन गेलो होतो. बीजप्रसार, अन्नसाखळी, शेवटी तोंडी लावायला रामायण. मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. "माकडांका कित्याक वाचवतास? आधी आमका वाचवा." सभा हसली आणि तिथेच संपली. निघताना त्याच आजी मला घरी घेऊन गेल्या, आणि चहा टाकण्याआधी म्हणाल्या, वर बघ. छपरातून उन्हाचे कवडसे माजघराच्या जमिनीवर उतरले होते. मी मोजले, सतरा. पलीकडच्या फणसावरून टोळी छपरावर उड्या टाकते आणि एका उडीत दोन-तीन कौलं जातात. कौल वेळेत बदललं नाही तर पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर, आणि चार पावसाळ्यांत वासा कुजतो. जुन्या मापाचं कौल सहज मिळत नाही, नवं जुन्याच्या खाचेत बसत नाही. छपरावर चढायला माणूस नाही, मुलगा मुंबईला. शेजारच्या घराने कंटाळून पत्रे घातले होते आणि आता ते उन्हाळ्यात भट्टीसारखं तापत होतं. नुकसानभरपाईच्या कागदावर पिकाचा रकाना होता, फळझाडाचा होता. कौलाचा नव्हता. त्या बाईंच्या लेखी माकड म्हणजे ते सतरा कवडसे होते आणि मी त्यांना बीजप्रसार सांगत होतो.

दुसऱ्या वर्षी फलक घरी ठेवले आणि दोनशेपानी वह्या नेल्या. एक घर, एक वही. लिहायला घरातलं आठवी-नववीतलं पोर. रकाने साधे ठेवले: तारीख, वेळ, माकड की वानर, साधारण किती, कुठून आली, काय खाल्लं, काय मोडलं, घरी कोण होतं, हाकलायला काय केलं. पैशाचा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. रुपये लिहायला सुरुवात झाली की माणूस नकळत भरपाईचा अर्ज लिहायला लागतो. नारळ किती, कौलं किती, एवढंच.

त्या वह्यांनी दोन हंगामांत गावातलं बोलणं बदललं. 'दोन-तीनशे माकडं झालीत' अशी बोंब होती. एका रविवारी सकाळी सहा ते नऊ, सोळा ठिकाणी माणसं उभी करून मोजणी केली, तर चार टोळ्या निघाल्या, सगळी मिळून शंभराच्या आत. एकच टोळी सकाळी वरच्या वाडीत आणि दुपारी खालच्या वाडीत जायची. दोन्ही वाड्या तिला आपापली म्हणून मोजत होत्या. निम्म्याहून जास्त नुकसान गावाच्या कडेच्या अकरा घरांचं होतं. आणि त्या अकरांपैकी आठ घरांच्या शेजारी कुलूप लावलेलं घर होतं.

हे कुलूप लक्षात घ्या, कारण तुमच्याही गावात तेच असणार. चाकरमानी गणपतीला येतो आणि मे महिन्यात येतो. बाकीचं वर्ष त्याच्या परसात चिकू, पेरू, केळी, फणस पिकून गळत असतात. माकडांना याहून चांगली जागा कुठली? तिथे त्यांचा तळ पडतो आणि तिथून ती शेजाऱ्याच्या पडवळाकडे बघतात. पूर्वी नाचणी, कुळीथ असताना शेतात माणूस असायचा, राखण असायची. (आमच्याकडे राखण म्हणजे राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला, वर्षातून एकदा द्यायचा कोंबडाही. तो अजून देतात, शेताची राखण मात्र बंद झाली.) शेतं पडीक झाली आणि मालकी रानाची तोड वाढली. उंबर, भेरली माड, जांभूळ असलेलं मिश्र रान जाऊन काजू आला, दोडामार्गाकडे रबर आला. काजूची बोंडं दोन-तीन महिने, रबराचं तर काहीच खाता येत नाही. रानातलं वर्षभराचं जेवण गेलं आणि गावातलं उघड्यावर राहिलं. 'माकडं वाढली' या तक्रारीचा बराचसा भाग म्हणजे माकडं खाली आली.

आता माकड आणि वानर यांची फारकत करा, तुमच्या ठरावात दोन्ही एकत्र कोंबलेत. लाल तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेलं ते माकड. भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेच नाही. आंतरराष्ट्रीय यादीत ते आता 'असुरक्षित' गणलं जातं आणि २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलंय. उत्तरेतलं ऱ्हीसस माकड तापी-गोदावरीच्या पट्ट्यातून खाली सरकतंय आणि याची जागा घेतंय, त्यामुळे आपल्या घाटातल्या टोळ्यांचं मोल वाढलंय. या माकडाच्या गालांत पिशव्या असतात. परसात उतरलं की ते खात बसत नाही. दोन्ही गाल भरतं, झाडावर जातं आणि मग निवांत चावतं. म्हणजे तुम्ही काठी घेऊन बाहेर येईपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं, गुरासारखं पाला आंबवून पचवणारं. त्याला कोवळा पाला, कळ्या, कच्च्या शेंगा लागतात, म्हणून त्याचं नुकसान आंब्याच्या मोहरावर आणि कोवळ्या पालवीवर जास्त दिसतं. बिस्किटं, फरसाण त्याच्या पोटासाठी नाहीतच.

हे नीट कळलं की 'पकडून न्या' या मागणीचं काय होतं तेही कळतं. वानरांच्या बऱ्याच कळपांत एकच हुप्प्या असतो. सगळ्यात दांडगा, सगळ्यात पुढे येणारा, म्हणून पिंजऱ्यात आधी तोच सापडतो. तो गेला की आठ-पंधरा दिवसांत बाहेरचा नर कळपावर ताबा मिळवतो, आणि नवा नर पुष्कळदा आधीच्याची पिल्लं मारतो. हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ सुगियामा या जपानी अभ्यासकाने पहिल्यांदा नीट नोंदवलं. मी ते आमच्या गावात पाहिलंय. हुप्प्या पकडून नेल्यावर महिनाभरात तीन पिल्लं गेली. वानरी मेलेलं पिल्लू दोन दिवस छातीशी धरून फिरत होती. आणि पिंजरा मागायला सगळ्यात पुढे असलेल्या घरातल्या बाईनेच ते बघून दार लावून घेतलं. माकडांच्या टोळीचं दुसरं टोक. ती माद्यांच्या नात्यांवर उभी असते. अर्धी टोळी पकडली तर उरलेली विस्कटते, दोन लहान टोळ्या होतात आणि दोन ठिकाणी उतरतात.

पकडलेली सोडायची कुठे, हाही प्रश्न आहेच. तुमच्या गावातली नेऊन ज्या रानात सोडतात त्याच्या पायथ्याशीही गाव असतं. एकदा आमच्याकडून नेलेली टोळी घाटाच्या पलीकडे सोडली गेली. तिकडच्या लोकांनी वर्गणी काढून ती पुन्हा पकडवली आणि रात्री टेम्पोने आणून आमच्याच घाटात सोडली, अशी कुणकुण होती. सिद्ध काही झालं नाही, पण लंगडी माकडीण पुन्हा दिसली हे खरं. दिल्लीत २००७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हजारो माकडं असोला भट्टी अभयारण्यात नेली गेली. तिथे त्यांना रोज फळं घालावी लागतात आणि दिल्लीतली तक्रार काही संपलेली नाही. हिमाचल प्रदेशाने २००६-०७पासून दीड लाखाहून जास्त माकडांची नसबंदी केली. तरीही २०१६ साली सिमला शहरापुरतं ऱ्हीसस माकडाला उपद्रवी ठरवायची वेळ आली, आणि ठरवल्यावर मारायला जवळपास कुणी पुढे आलं नाही, कारण तिथेही तो मारुतीच. मी पकडण्याच्या पूर्ण विरोधात नाही. माणसांना चावणारा एखादा नर असेल तर वनखात्याने रीतसर पकडावाच. पण गावाचं धोरण म्हणून पिंजरा मागणं म्हणजे छपराला भोक असताना खाली बादली ठेवण्यासारखं आहे. आणि परवानगीशिवाय स्वतः पकडणं गुन्हा आहे, हे तुमच्या मुलांना आजच सांगून ठेवा.

अफवेपासूनही सांभाळा. २०२१च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या लवूळ गावात वानरांनी सूड म्हणून अडीचशे कुत्रे मारले अशी बातमी जगभर फिरली. प्रत्यक्षात दोन वानरं पिल्लं उचलून उंचावर नेत होती, काही पडून आणि भुकेने मेली, आणि त्या दोघांना वनखात्याने पकडलं. सूड आणि अडीचशे हे भर घालणाऱ्यांचं. तुमच्याकडे वही असेल तर असलं काही चिकटत नाही.

आता केलं काय ते सांगतो. सगळं जमलं नाही, तेही सांगतो.

सगळ्यात स्वस्तात फळलेला उपाय म्हणजे बंद घरांचा करार. तो गणपतीतच करता येतो, कारण तेव्हाच सगळे गावात असतात. एका पानाचं संमतीपत्र केलं. शेजाऱ्याने परसातली फळं वेळेवर काढावीत आणि ठेवून घ्यावीत, छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात. छप्पर आणि फांदी यांत निदान दहा हात अंतर राहील असं बघायचं. पहिल्या वर्षी पाच जणांनी सही केली, दोघांनी 'आमच्या फणसावर डोळा आहे' म्हणून भांडण काढलं. तिसऱ्या वर्षी ते दोघेही आले, कारण त्यांचीच कौलं गेली होती. त्या आजींच्या बाजूचा फणस छाटला तेव्हा लोक म्हणाले, झाड तोडणारा कसला निसर्गवाला! फांद्या छाटल्यात, झाड उभं आहे, आणि दोन घरं पावसाळ्यात कोरडी आहेत.

राखण पुन्हा सुरू केली. आधी पाळीपाळीने, फुकट. तीन आठवड्यांत बंद पडली. लग्नं असतात, आजारपणं असतात, आणि शेजारी आला नाही म्हणून मीही जात नाही हे सुरू होतं. मग बचत गटातल्या दोघींना फेब्रुवारी ते मे पगारी नेमलं. घरटी वर्गणी आणि थोडी ग्रामपंचायतीची भर. वह्यांवरून वेळा आधीच माहीत होत्या, सकाळी आठ ते दहा आणि दुपारी साडेतीन ते सहा. त्या दोघी रानाच्या कडेला नुसत्या फिरायच्या, माकडं उतरायच्या आधी. सगळी गोम इथेच आहे. टोळी उतरल्यावर हाकलली तर ती पुढच्या घरात जाते. उतरायच्या आधी माणूस दिसला तर बऱ्याच वेळा ती मागे वळते. दोन नियम केले. टोळीच्या मध्ये शिरून तिचे दोन भाग करायचे नाहीत, आणि पिल्लू पोटाशी असलेल्या मादीकडे दगड फेकायचा नाही. गोफण आवाजापुरती. माझ्या अंदाजापेक्षा पहिला नियम पाळायला जास्त कठीण गेला. दोघींपैकी एक आता टोळीतली निम्मी माकडं नावाने ओळखते. नावं गावातल्या पुढाऱ्यांची आहेत, म्हणून इथे देत नाही.

नारळाच्या खोडाला पत्रा गुंडाळणं फक्त एकटं उभं असलेल्या माडाला चालतं. शेजारचं झाड टेकत असेल तर पैसे पाण्यात. पिकांची अदलाबदलही थोडीफार झाली, परसाच्या रानाकडच्या बाजूला हळद, आलं, सुरण आणि वेल घराच्या पुढल्या दारी. हळदीला माकड तोंड लावत नाही. मात्र 'माकड खात नाही ते लावा' हा सल्ला शहरातून आलेल्या माणसाने देऊ नये. त्याला काकडीच्या धोंडसाची, म्हणजे तिच्या गोड पदार्थाची, चव माहीत नसली तरी चालेल, पण श्रावणात ती काकडी देवाला लागते हे माहीत हवं.

मग रोपं लावली. इथे मी सपशेल पडलो. देवराईच्या कडेला चारशे रोपं लावली, वनखात्याच्या रोपवाटिकेतून आणलेली, शाळेच्या मुलांना घेऊन, फोटो काढून. मानकऱ्यांना विचारलं नाही. मला ती पडीक जागा वाटली होती, ती गुरांची जुनी वाट होती. मार्चपर्यंत एक रोप उरलं नाही आणि त्याबद्दल मला कुणी काही बोललंही नाही, तेच जास्त लागलं. दुसऱ्या खेपेला आधी गावकारांकडे गेलो. त्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, देवीचा कौल घेतला. छपराच्या कौलांसाठी मला त्या कौलाची तीन महिने वाट बघावी लागली. जागा त्यांनी दाखवली, झाडं त्यांनी सांगितली: उंबर, भेरली माड, जांभूळ, रातांबा, रानआंबा. गुरांना वाट सोडून कुंपण त्यांनीच घातलं. त्यातली दोनेकशे झाडं आज माझ्या डोक्यावर गेलीत.

रस्त्यावर खायला घालणं थांबवणं सगळ्यात अवघड. आंबोली घाटात पावसाळी शनिवार-रविवारी बघा. गाडीच्या काचेतून केळं बाहेर येतं, माकड रस्त्याच्या मधोमध येतं, मागची गाडी वळणावरून येते. केळं देणारा पुण्य घेऊन कोल्हापूरला पोचलेला असतो. फलक लावून काही झालं नाही. थोडंफार हललं ते टपरीवाल्यांबरोबर बसल्यावर. कणसं, भजी विकणारी ही गावातलीच माणसं, त्यांच्या हातून प्लेटा हिसकावल्या जात होत्या. त्यांनीच झाकणाच्या कचरापेट्या मागितल्या आणि गिऱ्हाइकाला 'भायेर टाकू नकात' म्हणायला लागले. गिऱ्हाईक माझ्यापेक्षा भजीवाल्याचं जास्त ऐकतं. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तर बत्तीस एकर जमीन जमीनदप्तरी माकडांच्या नावावर आहे आणि तिथे लग्नातही त्यांना मान देण्याची रीत होती. २०२२ साली ती बातमी आली तेव्हा लोकांनी मला कौतुकाने पाठवली. मला त्यातलं माकडांच्या पंगतीपेक्षा जमिनीवर झाडं राहिली हे जास्त आवडलं.

गावांनी मिळून खरोखर एखादी जात सावरली असं उदाहरण हवं असेल तर आसामातल्या बोंगाईगाव जिल्ह्यातल्या काकोइजाना जंगलाकडे बघा. जेमतेम सतरा चौरस किलोमीटरचं राखीव जंगल, भोवती चौतीस गावं, आणि आत सोनेरी वानर, जे आसाम आणि भूतान सोडून कुठेच नाही. १९९०च्या दशकात जंगल इतकं ओरबाडलेलं होतं की वानरं शंभराच्या आत उरली होती. १९९८च्या सुमारास रॉबर्ट हॉर्विच हे अमेरिकी अभ्यासक आणि तिथली 'नेचर्स फॉस्टर' ही संस्था यांनी काम सुरू केलं. बोडो, राभा, गारो, कोच-राजबंशी अशा निरनिराळ्या लोकांची गावं, एकमेकांशी कुरबुरी असलेली. त्यांच्या समित्या झाल्या, त्यांनी आपणच गस्त घातली, तोड थांबवली. झाडांचं छत पुन्हा धरलं आणि वानरं पाचशेच्या वर गेली. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. सरकारने याच जंगलाचं अभयारण्य करायचं ठरवलं तेव्हा २०२०मध्ये याच गावांनी विरोध केला. आम्ही राखलेलं जंगल आमच्या हातून का काढता, आम्हाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क द्या, असं त्यांचं म्हणणं. बाहेरून बघणाऱ्याला हे उफराटं वाटतं. मला वाटत नाही. ज्याने पंचवीस वर्षं रात्री कंदील घेऊन गस्त घातली त्याला उद्या आत जायला पास काढा म्हटलं तर तो कंदील ठेवून देईल.

संरक्षण मिळालं तरी तिथली अडचण संपलेली नाही. वानरं वाढल्यावर खाण्यासाठी बाहेर येऊ लागली, रस्त्यावर आणि तारांवर मरू लागली. म्हणून २०१९मध्ये रोजगार हमीतून तिथे पेरू, आंबा, जांभूळ अशी हजारो फळझाडं लावायला घेतली. तुमच्या ग्रामपंचायतीच्या रोजगार हमीच्या आराखड्यात हे बसतं का, ते ग्रामसेवकांना विचारा. बसवता येतं.

हॉर्विच यांनी याआधी १९८५मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये काळ्या होलर माकडांसाठी असंच केलं होतं. तिथे त्या माकडाला बबून म्हणतात, म्हणून नावही बबून अभयारण्य. जमीन सगळी शेतकऱ्यांची खासगी. प्रत्येकाने सहीनिशी कबूल केलं की नदीकाठची झाडं, माकडांची खाण्याची झाडं आणि दोन रानांमधला झाडांचा पट्टा ठेवीन. सुरुवातीला डझनभर सह्या, पुढे दोनशेच्या घरात. आपल्या मालकी रानांना हे जसंच्या तसं लागू पडतं. आमचा गणपतीतला करार मी तिथूनच उचलला.

उत्तर कन्नडमध्ये मी जे पाहिलं ते घरचंच वाटेल. सिरसी-होन्नावर भागात सिंहपुच्छ माकडाची मोठी वस्ती आहे आणि २०११मध्ये तिथे अघनाशिनी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. तिथे उप्पगे नावाचं झाड आहे, आपल्या रातांब्याचं भाऊबंद. त्याच्या सुकवलेल्या सालीला औषधी व्यापारात भाव आला आणि लोक हिरवीच फळं उतरवायला लागले, कारण मी थांबलो तर दुसरा नेणार. तेच फळ माकडाचं पावसाळ्यातलं खाणं. शिवाय पावसात साल सुकवायची म्हणजे चुलीखाली मोळ्यांवर मोळ्या. तिथे लोकांना माकडाबद्दल काही सांगावंच लागलं नाही. कच्च्या सालीला भाव कमी, पिकलेल्या सालीला जास्त, हे सगळ्यांनाच माहीत होतं. अडचण होती ती एकमेकांवर भरवसा नसल्याची. गावच्या वनसमितीने तारीख ठरवली, त्याआधी कुणी झाडावर चढायचं नाही. सुकवायला कमी लाकूड खाणारी भट्टी आली. थांबल्यामुळे बी पडायला लागलं आणि माकडालाही वाटा राहिला. तुमच्याकडे रातांबे किंवा काजूच्या बोंडांचं असं काही आहे का बघा, कारण पैसे आणि माकड एकाच झाडावर बसलेले असले की काम सोपं जातं.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नका. माकडताप. १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार २०१६पासून दोडामार्ग आणि बांदा परिसरात आला आणि माणसं गेली. गोचिडीतून होतो, काजूच्या हंगामात पालापाचोळ्यात काम करणाऱ्यांना गाठतो. माकडं आणि वानरं त्याने पटापट मरतात, म्हणून रानात मेलेलं माकड ही पहिली खूण. तेव्हा गावात भीतीने टोळ्यांवर दगड पडू लागले. माकडाला हाकललं की गोचिडी जात नाहीत. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच उतरतात, धोका त्या जागेत असतो. आम्ही प्रत्येक वाडीत एक माणूस ठरवला. मेलेलं माकड दिसलं की हात लावायचा नाही, जागेवर खूण करायची, त्याच दिवशी वनरक्षक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन. काजूत जाताना पूर्ण कपडे, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचिडीचं तेल, परत आल्यावर गरम पाण्याची आंघोळ. तुमचा तालुका उत्तरेला आहे, पण ही सवय लावून ठेवायला काही खर्च नाही. आणि मेलेल्या माकडाची खबर देणारी गावं जिवंत माकडाकडेही जरा वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागतात, हे मी दोन गावांत अनुभवलंय.

वनखात्याबद्दल थोडक्यात. भरपाईसाठी माकड शासनाच्या यादीत आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज करा, पंचनाम्याला शेजारी हजर ठेवा, वहीचं पान दाखवा. वनरक्षकावर ओरडू नका, त्याच्याकडे दहा-बारा गावं आणि एक मोटारसायकल असते. आमच्या एका अर्जाचं उत्तर दोन वर्षांनी आलं आणि त्यात गावाचं नावच चुकलं होतं. तरी अर्ज करत राहा, कारण अर्ज नाहीत म्हणजे त्रास नाही असा अर्थ वर काढला जातो. वीज कंपनीच्या स्थानिक अधिकाऱ्याला मात्र एकदाच, पण नकाशा घेऊन भेटा. वानरं कुठल्या खांबांवर मरतात ते ठरलेलं असतं. आमच्याकडे पाच खांब होते, तिथे आवरण असलेली केबल टाकली गेली आणि बाकी लाईनला हात लावावा लागला नाही.

तुमच्या ग्रामसभेचा ठराव तसाच राहू द्या. तो रद्द करायला गेलात तर पुढची दोन वर्षं त्यावरच भांडण चालेल. त्याखाली एक पुरवणी ठराव मांडा, की एक वर्ष नुकसानीची नोंद ठेवायची आणि पुढच्या गणपतीत ती वाचून दाखवायची. याला कुणी नाही म्हणत नाही. पहिल्या वह्या, ज्यांनी सभेत सगळ्यात जास्त आवाज केला त्यांच्या घरी द्या, आणि पहिलं पान तिथे बसून तुम्ही लिहा, छपराखाली उभं राहून, कवडसे मोजून. वही कडक पुठ्ठ्याची घ्या. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून सुतळीने माजघराच्या खांबाला टांगा, नाहीतर पावसाळ्यात पोरं तिच्या होड्या करतात.